एका वायरीवर तीन कामं

रशीदभाऊ, तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. दुकान मी चौथ्या दिवशी उघडलं. किल्ली भाभींनीच दिली. म्हणाल्या, "तू खोल वच्छला, बंद दुकान मेरेसे देखा नई जाता." आत गेले तर तलावाचं पाणी मोजणारी डबी, तुम्ही बैठकीसाठी काढून आणलेली, तुमच्या टेबलावर तशीच होती. वायर लावलेली. आणि आपला कॉम्प्युटर तिला अजूनही नुसता पेनड्राइव्हच समजत होता. तीनपैकी एकच काम.

पुढच्या गुरुवारी तलावाच्या गावात बैठक आहे. गावाचं नाव लिहीत नाही, भांडण त्यांचं आहे. त्या दिवशी डबीनं सगळ्यांसमोर नोंद दाखवली नाही, तर धीवर आणि धानवाले पुन्हा एकमेकांना चोर म्हणतील आणि मागच्या वर्षीसारखं तुमचं नाव मध्ये ओढतील. मागच्या वर्षी उत्तर द्यायला तुम्ही होता.

तर मी ठरवलं आहे की डबी गुरुवारी चालणार. हे कोणाला सांगायची मला हिंमत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. बोलताना माझी जीभ अडते, लिहिताना कोणी तोंडाकडे पाहत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर चांगलं होतं हे गुरुजी म्हणायचे.

तुमच्या मयतीला मी आले होते. बायकांच्या खोलीत भाभींच्या मागे बसले. कोणी काही विचारलं नाही. भाभींनी मला हाताला धरून पुढे ओढलं आणि आपल्या शेजारी बसवलं. बाहेर माणसं खूप होती. गोंडपिपरीचा अर्धा बाजार आला होता. पण मी खिडकीतून पाहत होते, धीवरांपैकी एकही माणूस नव्हता. ज्यांचे रेडिओ, टॉर्च, मोबाईल तुम्ही पंचवीस वर्षं दुरुस्त केले, त्यांच्यातलं कोणी तुमच्यावर मूठभर माती टाकायला आलं नाही. हे का झालं ते मला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक होतं का, हेच मला विचारायचं होतं. त्याआधी बाकीचं लिहिते.

मी तुमच्याकडे झाडायला आले तेव्हा पहिले दोन महिने तुमच्याशी एक शब्द बोलले नव्हते. झाडताना सापडलेले स्क्रू मी आकारानं वेगळे करून रिकाम्या काडीपेट्यांत ठेवायचे. एक दिवस तुम्ही त्या पेट्या उघडल्या आणि ओरडलात, "हे कोनं केलं?" मी झाडू घेऊन दाराआड.

"अवो बाई, चोरी नाई केली तुमी. बाहेर या. हे हात झाडू माराचे नोहय."

त्या दिवशी तुम्ही मला सोल्डर करायला बसवलंत. एबीसीडी मी तुमच्या कीबोर्डवर शिकले. म्हणून मला ती अजूनही क्यूपासून सुरू होते आणि एमवर संपते. तुम्ही त्यावर किती हसायचात! आलेल्या प्रत्येक माणसाला सांगायचात, "आमच्या बाईची बाराखडी कंपनीनं बनोली हाये."

डबी कशी सुचली तेही आठवतं. तो तलाव मालगुजारीच्या काळातला. मासे धीवरांच्या सोसायटीचे, पाणी धानवाल्यांचं. धान निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडते तेव्हा, शेतकऱ्याला शेवटचं पाणी हवं असतं, आणि नेमकं तेव्हाच तलाव उतरला की मासे चिखलात तडफडतात. म्हणून पाणी खुणेच्या खाली गेलं की तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कोणी उघडायचं नाही असं ठरलेलं. ते कोणी पाळलं आणि कोणी लपून उघडलं, यावरून दरवर्षी डोकी फुटायची पाळी. तुम्ही दोन्ही बाजूंना म्हणालात, "मानूस झूट बोलते, पानी नाई बोलत. आपन पान्यालेच लिव्हाले लावू." आणि काडीपेटीएवढा कॉम्प्युटर डबीत घालून तुडुमाजवळ बसवलात. तासातासाला तो पाण्याची पातळी मोजून लिहून ठेवायचा.

त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. त्याचं लिहिलेलं वाचायचं कसं, हा खरा प्रश्न. मी हळूच विचारलं तेव्हा तुम्ही चहाचा कप बाजूला ठेवलात. तुम्ही कप खाली ठेवला की गोष्ट लांबणार हे मला कळायचं.

"बाई, वायर लावली का एक मालक रायते अन् एक पाव्हना. कम्प्यूटर मालक, पेनड्राइव्ह पाव्हना. मालक विचारते, पाव्हना सांगते. आता आपली डबी हाये तं कम्प्यूटरच, पन तिले पाव्हनी बनवाचं हाये."

"मंग पाव्हनी काय सांगते?"

"दारात उभी राहून नाव सांगते, गाव सांगते, नंबर सांगते. अन् मले काय काय काम येते ते सांगते. आपली पाव्हनी तीन कामं सांगन. पंचायतीच्या कम्प्यूटरले फक्त फाईल समजते, त्याले सांगन मी पेनड्राइव्ह. धीवरायच्या मारोतीभाऊले आकडे वाचता येत नाई, त्याले रेघ पाह्यजे. त्याच्यासाठी सांगन मी नेटवर्क हावो, माहं पान उघडून पाहा. अन् बिघडली तं आपल्याले आत जाता आलं पाह्यजे, डबी न खोलता. म्हनून तिसरं काम, काळी खिडकी. वायर एकच."

"एकाच येळी तीन?"

"काऊन? तुमी घरी चूल, लेकरू, गाय एकाच येळी नाई पाहत?"

मग तुम्ही वहीत एक ओळ इंग्रजीत लिहायचात आणि तिच्याखाली मराठीत अर्थ. आधी घर बांधा. दारावर पाटी लावा, नाव आणि नंबर. एकेक काम बनवा. कामं घरात जोडा, नेटवर्क सगळ्यात आधी. आणि सगळ्यात शेवटी दार उघडा. दार उघडं असताना आत काही हलवायचं नाही. काही बदलायचं तर आधी दार लावायचं. ही पानं मी इतक्या वेळा उतरवली की इंग्रजीचं एकही वाक्य न येता ती मला पाठ आहेत. प्रत्येक ओळीत तिरप्या रेघा किती, हे मी बोटांवर मोजून ठेवलं आहे.

पहिल्या वेळी दोन दिवस डबी कशालाच दिसेना. तुम्ही सगळं पुसून पुन्हा लिहिलंत, पुन्हा पुसलंत. शेवटी मी वायर हातात घेतली आणि म्हटलं, "भाऊ, हे दाढीच्या मशीनची वायर हाये. हिच्यातनं नुसतं चार्जिंग होते." तुम्ही वायरीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि खुर्चीवर मागे रेलून हसत सुटलात. "दोन दिवसांपासनं मी मुक्या माणसाले नाव विचारून राह्यलो!" समोरचा टेलर उठून पाहायला आला, काय झालं म्हणून.

आपलं भांडण मात्र राहूनच गेलं. मी म्हणत होते, पेनड्राइव्हला कुलूप लावा, बाहेरून फक्त वाचता यावं, लिहिता येऊ नये. तुम्हाला ते पटत नव्हतं.

"मारोतीभाऊनं मच्छीचं बीज सोडलं तं त्याले तिथी लिव्हता आलं पाह्यजे. धानवाल्याले काई म्हनाचं हाये तं त्याले बी. डबी गावाची हाये, माह्या बापाची नाई."

"एका वहीत दोन हात चालले का वही फाटते, भाऊ."

"तुमी लय कंजूस बाई."

"अन् तुमी लय भोळे."

हे माझ्या तोंडून निघालं आणि मग मी दुपारपर्यंत मान वर केली नाही. तुम्हाला वाटलं असेल, बाईला राग आला. राग नव्हता. एका वहीत दोन हात चालले की काय होतं, हे मी पाहिलं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं, ते हेच.

मागच्या वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला विश्रांती देतात. विळा, कुऱ्हाड, पावशी पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, त्या दिवशी त्यांच्याकडून काम घ्यायचं नाही. तुमच्या दुकानातही मी दरवर्षी ही पूजा करायचे आणि तुम्ही चेष्टा करायचात, "स्क्रूड्रायवरले जास्त लावा बाई, तो लय कामचोर झाला." त्या दुपारी तुम्ही नमाजाला गेला होतात. कामाला जुंपलेलं हत्यार पूजेला बसवत नाहीत, म्हणून मी एकेक वायर काढत गेले. सोल्डरिंगची, मीटरची, दुरुस्तीला आलेल्या मिक्सरची. आणि डबीची. बैठकीसाठी तुम्ही ती तलावावरून आणून कॉम्प्युटरला लावली होती. फाईल उघडी होती. आतून डबी लिहीत होती, बाहेरून कॉम्प्युटर तीच फाईल धरून बसला होता, आणि मी मधली वायर ओढली. झाकणावर कुंकू लावलं. नमस्कार केला. संध्याकाळी वायर पुन्हा लावून दिली.

दोन दिवसांनी गावात फाईल उघडली तर नुसते चौकोन. आषाढापासूनची सगळी नोंद गेली. नक्कल उद्या काढू, उद्या काढू असं तुम्ही म्हणत होतात, ती निघालीच नव्हती.

धीवर म्हणाले, "धानवाल्याच्या सांगन्यानं मिटोलं." धानवाले म्हणाले, "मच्छीवाल्याच्या." दोन्हीकडून बोट तुमच्याकडे. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "कोनाच्या सांगन्यानं नाई. माह्या हातनं गेलं. माही चूक हाये." मी भिंतीला टेकून उभी होते. तोंड उघडलं नाही.

आणि एक गोष्ट. त्या दिवशी काळीपिवळीतून उतरल्यावर, गावात शिरायच्या आधी तुम्ही थांबलात. खिशातून रुमाल काढलात आणि डबीच्या झाकणावरचं कुंकू पुसलंत. नीट, कोपऱ्यातलंसुद्धा. मला तेव्हा वाटलं, साफ करत आहेत. घरी आल्यावर वाटलं, यांना कळलं आहे. गेलं वर्षभर मी रोज ठरवायचे की आज विचारीन. तुम्ही रोज विचारायचात, "चहा झाला का बाई?" आणि मी म्हणायचे, झाला.

*

मधले दोन दिवस लिहिलं नाही. काम करत होते.

या वर्षीची नोंद डबीत सुखरूप आहे. ती आता स्वतःच्या वेगळ्या जागी लिहिते आणि बाहेर फक्त नक्कल दाखवते, एवढं तुम्ही करून ठेवलं होतं. दुकानात वायफायवरून आत शिरून मी ते पाहिलं. पण गावात वायफाय नाही, तिथे वायरच. आणि मारोतीभाऊंची अट आहे, "कागद नोको, कोनी आनलेली फाईल नोको. डबीनंच दाखवावं, आमच्या डोळ्यापुढं." म्हणजे रेघेचं पान दिसायलाच हवं.

मी दार लावलं, सगळं पुसलं, वहीतून पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं. दार उघडलं. पेनड्राइव्ह. फक्त पेनड्राइव्ह. चार वेळा केलं. वायरही बदलून पाहिली, हो, दाढीची नव्हती. प्रत्येक वेळी डबी आपल्याकडून तीन कामं सांगत होती आणि कॉम्प्युटर एकच ऐकत होता.

अशात एक बाई मिक्सर घेऊन आल्या. मी खुर्चीवर, हातात मीटर. त्यांनी दुकानभर पाहिलं आणि म्हणाल्या, "कोनी नाई का दुकानात?"

"मी हावो ना."

"तुमी तं झाडू मारता ना वो इथी? दुरुस्तीवालं कोनी नाई का?"

"मीच करतो दुरुस्ती. सहा वर्सं झाली."

"हो का? मले तं झाडूवालीच मालूम," असं म्हणून मिक्सर न ठेवता त्या गेल्या.

मला राग आला नाही. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात झाडू होता. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलंच नाही, त्यांची काय चूक? मी मीटर खाली ठेवला, डबीकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं. आपल्या कॉम्प्युटरनं या डबीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती नुसता पेनड्राइव्ह होती, बाकीची दोन कामं तुम्ही या वर्षी जोडलीत. पाटीवरचा नंबर आपण कधी बदललाच नाही. तोच नंबर दारात आला की तो म्हणत असणार, ओळखतो हिला, पेनड्राइव्ह आहे, या आत. बाकीचं ऐकतच नसणार.

खात्री करायला मी समोरच्या टेलरच्या पोरीचा कॉलेजचा लॅपटॉप मागितला. मागितला, भाऊ! रस्ता ओलांडून गेले आणि तोंडानं मागितला. त्या लॅपटॉपनं डबी कधीच पाहिली नव्हती. वायर लावली आणि एकामागून एक तिन्ही आली. पेनड्राइव्ह, नेटवर्क, काळी खिडकी. म्हणजे डबी बरोबर होती. तुमचं लिहिलेलं पहिल्यापासून बरोबर होतं. बाकीची दोन कामं दिसेनात म्हणून तुम्ही उगाच स्वतःला नावं ठेवत गेलात.

पण पंचायतीचा लॅपटॉपही मागच्या वर्षीचाच आहे. त्यानं हीच डबी याच नंबरानं पाहिलेली आहे. गुरुवारी तिथेही हेच झालं असतं. म्हणून मी दार लावलं, पाटीवरचा नंबर बदलला आणि दार उघडलं. आपल्या कॉम्प्युटरनं नव्या पाहुणीसारखं तिला सगळं विचारलं. तिनं तिन्ही सांगितली. पान उघडलं. आषाढापासूनची निळी रेघ.

मी तुम्हाला हाक मारली. तोंडातून गेलीच. मग डोळे पुसले आणि पेनड्राइव्हला कुलूप लावलं. हो, लावलं. याबाबतीत मी तुमचं ऐकणार नाही. लिहिणारी एकच, डबी. पण गावाला बोलता आलं पाहिजे हे तुमचं म्हणणंही मला खोडता येत नाही. रेघेच्या पानावरच शेरा लिहायची जागा करता येईल असं वाटतं, म्हणजे सांगणारे कितीही, लिहून घेणारी डबीच. ते अजून मला येत नाही. शिकेन. तोवर तुडुमाजवळ एक कागदाची वही आणि पेन्सिल टांगायची असं ठरवलं आहे.

आणखी एक ठरवलं आहे. ते लिहीत नाही. लिहिलं तर हातून होणार नाही.

*

बैठक झाली.

समाजमंदिरात एका बाजूला धानवाले, एका बाजूला धीवर. बायकाही होत्या. मी डबी पदराखाली धरून दारात उभी. गजाननभाऊ, धानवाल्यांचे पुढारी, म्हणाले, "रशीदभाऊ गेले म्हन्तात. मंग हे कोन चालवन?" मला वाटलं होतं मी उत्तर देईन. त्याऐवजी मी सरळ टेबलाजवळ गेले आणि वायर लावली.

पंचायतीचा लॅपटॉप जुना. तो विचार करत राहिला, मी मनात तिरप्या रेघा मोजत राहिले. पेनड्राइव्ह आला. मग नेटवर्क. ऑपरेटर पोरीनं मी सांगितलेला पत्ता टाकला आणि रेघ उघडली. आषाढात चढलेली, श्रावणात टेकडीसारखी, आणि भादव्यात उतरत गेलेली.

मारोतीभाऊ, सोसायटीचे अध्यक्ष, पुढे येऊन उकिडवे बसले. बोटानं रेघ चाचपली. "हे इथनं पानी उतरलं. म्हंजे तुडूम खोललं ना कोनी?"

"नाई," मी म्हटलं. सगळे माझ्याकडे वळले. मी पडद्याकडे पाहत बोलत राहिले. "तुडूम खोललं असतं तं रेघ पायरीवानी खाली पडली असती. हे पाहा ना, रोज सारखीच उतरते. दिवसा तितकीच, राती तितकीच. हे कोनी सोडलेलं पानी नोहय. तुडुमाची फळी झिरपून राह्यली असन."

"फळी?" गजाननभाऊ उठले. "मी दोन वर्सांपासनं म्हनतो, फळी सडली!"

"तू कवा म्हनला गा?" धीवरांकडून कोणीतरी. "तू तं म्हने धीवरायनं भोक पाडलं!"

हशा झाला. मग मारोतीभाऊंनी तेच विचारलं, जे कोणीतरी विचारणारच होतं. "मंग मागच्या वर्षी? मागच्या वर्षीची रेघ कुठी हाये?"

भाऊ, यासाठीच मी आले होते.  मी टेबलाची कड धरली.

"मागच्या वर्षी तुडूम कोनी खोललं का नाई, ते आता कोनालेच कळनार नाई. पन नोंद कोनी मिटोली नाई. धानवाल्यायनं नाई, धीवरायनं नाई, अन् रशीदभाऊनं तं नाईच नाई. ते माह्या हातनं गेलं. खंडेनवमीले मी पूजा केली अन् चालू डबीची वायर काढली. रशीदभाऊनं स्वताच्या अंगावर घेतलं. मी मांगं भिंतीले टेकून उभी होतो, अन् चूप राह्यलो."

  मारोतीभाऊंच्या आई, अनुसयाबाई, भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी तंबाखू थुंकली आणि मला नीट पाहिलं.

"सालभर चूप होती, अन् तो मेल्यावर बोलते?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खरंच होतं.

"त्याच्या मयतीले आमच्यातलं कोनी गेलं नाई. मालूम हाये तुले?"

"मी पाह्यलं, मावशी. खिडकीतनं पाह्यलं."

म्हातारीनं तोंड फिरवलं. गजाननभाऊ म्हणाले, "पूजेपायी नोंद गेली म्हन्ता. मंग डबी पुन्हा या बाईच्याच हाती द्याची का? उद्या शिमग्याले रंग टाकन तिच्यात." त्यांच्या बाजूचे हसले. मला वाटलं, संपलं. डबी नागपूरच्या कोणाकडे जाईल. जाऊ दे, तुमचं नाव तर सुटलं.

मारोतीभाऊ अजून रेघेपुढे उकिडवेच होते. मागे न पाहता म्हणाले, "जिच्या हातनं बिघडली, तिलेच मालूम कशानं बिघडते. बाकीच्याइले अजून शिकाचं हाये. राहू द्या तिच्यापाशी."

"अन् लिव्हाले कुलूप लावलं हाये," मी घाईनं सांगितलं. "आता माह्या हातनं बी नाई मिटत."

"मंग झालं तं," गजाननभाऊ म्हणाले, आणि पुन्हा फळीवर आले.

ही झाली बैठक. आता आजचं सांगते. आज शुक्रवार. सकाळी दुकानासमोर मारोतीभाऊ आणि सोसायटीचे चौघं उभे. आंघोळ करून आलेले, डोक्याला रुमाल बांधलेले. आत आले नाहीत. मारोतीभाऊ म्हणाले, "बाई, रशीदभाऊची जागा कुठी हाये ते दाखव." मी म्हटलं, मी तिथे गेलेली नाही, बायका जात नाहीत. भाभींच्या भावाला बोलावलं. ते त्यांना घेऊन गेले. मी कब्रस्तानच्या भिंतीबाहेर कडुनिंबाखाली उभी राहिले. आतलं काही दिसत नव्हतं. ते काय बोलले, किती माती टाकली, मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असेल.

तुम्हाला रुमालाचं विचारायचं राहिलं ते राहिलंच. रागावून पुसलं होतंत की मला वाचवायला, हे मला आता कळणार नाही. मी त्याचं उत्तर स्वतःच्या सोयीनं ठरवणार नाही. वर्षभर मला सांभाळून घेतलंत, एवढं मात्र घडलं आहे.

ते बाहेर आले. मारोतीभाऊंनी हातपंपावर हात धुतले, धोतराला पुसले.  मग म्हणाले, "बाई, धान निघाल्यावर तुडुमाची फळी बदलाची हाये. दोन्ही बाजू मिळून. तवा डबी घरी ठेवाची का तिथीच लावाची?"

"तिथीच लावाची," मी म्हटलं. "फळी बदलल्यावर रेघ कशी जाते, ते पाहाचं हाये ना."